ट्रॅकवर पळालेली गाडी घेताना

जाहिरात साधारण अशी असते: पोलो जीटी टीएसआय, एमएच-१२ पासिंग, ३८,००० किलोमीटर, सिंगल हँड, टायर नवेकोरे. भाव त्याच सालच्या इतर पोलोंपेक्षा कमी. फोनवर जरा बोलणं वाढलं की मालक सांगतो, "ट्रॅकवर दोन-तीनदा नेली होती, बाकी रोजची ऑफिसची गाडी." इथं फोन ठेवून द्यायचं कारण नाही. रेसच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला जाणारा माणूस पुष्कळदा ऑइल वेळेआधी बदलतो, ब्रेककडं जास्त बघतो आणि कुठला आवाज कधीपासून येतोय हे त्याला पाठ असतं. अडचण वेगळी आहे. अशा गाडीचं मीटर खरं असलं तरी त्यावरून काही कळत नाही. ट्रॅकवरचं एक सेशन वीस-पंचवीस मिनिटांचं. तेवढ्यात अंतर फार कापलं जात नाही, पण ब्रेक, टायर आणि ऑइल जितकं तापतं तितकं सोलापूर-पुणे हायवेवर वर्षभर जा-ये केली तरी तापत नाही. म्हणून या गाडीचे किलोमीटर मोजत बसू नका. ताप कुठं गेला, त्यानं काय भाजलं आणि भाजलेलं बदललं का, एवढं शोधा.

रस्त्याची की रेसची

पहिली चाळणी कागदाची. पोलो कप, व्हेंटो कप यांसारख्या स्पर्धांसाठी बांधलेल्या गाड्या पुढं विकायला येतात आणि स्वस्त वाटतात. आतून सोललेल्या, रोल केज (गाडी उलटली तरी छत दबू नये म्हणून आत बसवलेला नळ्यांचा सांगाडा) वेल्ड केलेला, एकच सीट. यांना आरसी नसते. अशी गाडी आपल्या सोलापुरात आणायची तर ट्रेलरवरून आणायची, आणि चालवायची तर पुन्हा ट्रेलरवर चढवून कोइम्बतूर किंवा चेन्नई गाठायचं. "पासिंग करून देतो" असं कोणी म्हणालं तर तिथंच नमस्कार करून निघा.

आपल्याला हवी ती गाडी म्हणजे आरसीवाली, रस्त्यावर चालणारी, अधूनमधून ट्रॅक डेला, म्हणजे हौशी लोक आपापल्या गाड्या ट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, गेलेली. पोलो जीटी, अबार्थ पुंटो, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, जुनी होंडा सिटी व्हीटेक, फिएस्टा १.६, आय-२० एन लाइन, खिसा मोठा असेल तर बीएमडब्ल्यू एम३४०आय. बहुतेक गाड्या पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबादच्या. सोलापुरात दिसणाऱ्या केए आणि टीएस पासिंगच्या गाड्यांबद्दल शेवटी.

क्लेम नाही म्हणजे ठोकली नाही, असं नव्हे

एरवी जुनी गाडी घेताना आपण विम्याचा क्लेम इतिहास काढतो आणि तो कोरा दिसला की निश्चिंत होतो. इथं तो कोराच असणार. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत 'लिमिटेशन्स अ‍ॅज टू यूज' या कलमाखाली रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल वगळलेले असतात. ट्रॅकवर भिंतीला लागलेल्या गाडीचा क्लेम होत नाही. मालक खिशातून खर्च करतो, ओळखीच्या गॅरेजात, जमेल तितक्या स्वस्तात. शोरूमच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्येही ते काम येत नाही.

त्यामुळं पत्रा स्वतः वाचावा लागतो. पेंटची जाडी मोजायचं मीटर उसनं मिळालं तरी चालेल. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो; २०० च्या पुढं गेला की पॅनेल पुन्हा रंगवलंय, आणि ४०० च्या वर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथं हे मीटर चालत नाही. मग बोनेट उघडून फेंडरचे बोल्ट बघा, पान्याच्या खुणा आहेत का. हेडलाइटच्या मागच्या स्टिकरवरचं साल दोन्ही बाजूंना एकच असावं. पुढच्या शॉकअपच्या टॉवरवरची सीलंटची रेघ कंपनीतून यंत्रानं ओढलेली, एकसारखी असते. हातानं ब्रशनं फासलेली दिसली तर तो कोपरा एकदा तरी उघडलाय. पुढचा किंवा मागचा बंपर सैल करून आतल्या बीमवर टॉर्च मारा. ट्रॅकबाहेर गाडी खडीत गेली असेल तर बारीक खडे अंडरट्रेच्या वरच्या बाजूला, बंपरच्या खालच्या ओठात आणि रेडिएटरच्या बुडाशी अडकून राहतात. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं ते निघत नाहीत.

फोनवर काय विचारायचं

"ट्रॅकवर नेली का" असं विचारलं तर उत्तर ठरलेलंच मिळतं. त्याऐवजी विचारा: कुठल्या ट्रॅकवर, किती वेळा, ब्रेक फ्लुइड कुठलं होतं, टायरमध्ये थंड असताना हवा किती ठेवायचात, ऑइल किती किलोमीटरला बदललं. खरंच जाणारा माणूस या प्रश्नांवर खूश होऊन बोलतो, बिलं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. "एकदाच गेलो होतो" म्हणणाऱ्याच्या गाडीला ब्रेडेड (जाळीदार तारेच्या) ब्रेक होज आणि चाकाचा झुकाव बदलणारे कॅम्बर बोल्ट, म्हणजे ट्रॅकसाठीचेच भाग, लागलेले दिसले, की त्याच्या बाकीच्या उत्तरांनाही तेवढीच किंमत द्या.

ट्रॅकनुसार झीज वेगळी. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, त्यातला एक सरळ पट्टा किलोमीटरभराचा; तिथं वेग चढतो आणि शेवटाला ब्रेक एकदम भाजतात. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे दोन किलोमीटरच्या आसपास. वेग कमी, पण ब्रेकला थंड व्हायला सवडच मिळत नाही. पुण्याच्या गाड्या हल्ली तळेगावजवळच्या नानोलीलाही जातात. ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीत, पळालेली गाडी हा निराळा प्रकार आहे: तिचे ब्रेक ठणठणीत आणि क्लच, ड्राइव्हशाफ्ट, इंजिन माउंट मेलेले असू शकतात.

बुद्ध सर्किट घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पळतं. अशा ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, म्हणून भार डाव्या चाकांवर. गाडीभोवती फिरायची सुरुवात डाव्या पुढच्या चाकापासून करा.

ब्रेक

खरी कहाणी इथं असते, म्हणून इथं अर्धा तास द्या. चाक काढायलाच लावा. जाळीतून बघून भागत नाही.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते, 'मिन टीएच' आणि पुढं मिलिमीटर. २२ मिमीची नवी डिस्क साधारण १९ ला बाद होते, पण गाडीगणिक आकडा बदलतो, कोरलेला तोच खरा. मोजताना गफलत अशी होते: पॅड जिथं पोचत नाही तिथं डिस्कच्या कडेला न झिजलेली उंच कड उरते. व्हर्नियरचे जबडे त्या कडेवर बसतात आणि आकडा जास्त दाखवतात. एक रुपयाची सारखी दोन नाणी घ्या, कडेच्या आत डिस्कच्या दोन्ही बाजूंना एकेक धरा, त्यावरून मोजा आणि दोन नाण्यांची जाडी वजा करा. चार ठिकाणी मोजा.

मग पृष्ठभाग. निळसर-जांभळी झाक म्हणजे डिस्क खूप तापली होती. केसासारख्या बारीक भेगा ट्रॅकच्या गाडीत दिसतातच. त्यावरून नख फिरवा. नख अडकलं, किंवा भेग बाहेरच्या कडेपर्यंत पोचली, तर डिस्क भंगारात. छिद्रांच्या डिस्कमध्ये एका छिद्रातून दुसऱ्यात गेलेली भेग असेल तर त्या गाडीची टेस्ट ड्राइव्हच घेऊ नका.

कॅलिपरचा रंग बघा. लाल रंग तपकिरी पडला, पिस्टनभोवतीचं रबरी बूट कडक होऊन तडकलं, की आतलं सीलही त्याच मार्गावर आहे. जवळच असलेल्या बॉलजॉइंटचं आणि टायरॉड एंडचं बूटही तपासा. डिस्कची धग त्यांनाही लागते, बूट फाटून ग्रीस उडतं आणि पावसाळ्यात जॉइंट जातो.

ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ च्या प्रमाणकानुसार नवं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये. ओल शोषल्यावर ही हद्द १५५ वर येते. टाकीतलं फ्लुइड चहासारखं दिसलं आणि मालक म्हणतोय की गेल्या महिन्यात ट्रॅकला गेलो होतो, तर त्यानं बाकीची निगा कशी राखली असेल ते समजून घ्या. उलट, ब्रेक थंड असताना किंचाळत असतील तर बिचकू नका. ट्रॅकचे पॅड रस्त्यावर ओरडतातच. मालकाकडं मूळ पॅड असतील तर तेही मागून घ्या.

चाकं आणि खालचा भाग

टायर नवे असतील तर जुने कुठं आहेत ते विचारा. ट्रॅकचा टायर बाहेरच्या खांद्यावर झिजतो, कडेला रबराचे शेव गोळा झालेले असतात, आणि फेंडरच्या आतल्या अस्तरावर चिकटलेले रबराचे काळे गोळे टायर बदलल्यावरही तिथंच राहतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल: ३४२२ म्हणजे २०२२ चा चौतिसावा आठवडा.

ट्रॅकच्या वळणांवरच्या उंच कडांवरून (कर्ब) उड्या मारल्या की रिम आतल्या बाजूनं वाकतं. बाहेरून कळत नाही; बॅलन्सिंग मशीनवर फिरवून आतली कड बघा. व्हील बोल्ट शंभरदा काढले-लावलेले असतात, हातानं फिरवून बघा. आटा अडखळत असेल तर सगळे बोल्ट बदलायच्या यादीत टाका.

बेअरिंगसाठी गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा, मग आडवं धरून हलवा. वर-खाली ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉलजॉइंट, आडवं लागलं तर टायरॉड. त्यानंतर एका हातानं चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं शॉकअपच्या स्प्रिंगवर ठेवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग शांत राहते. खराब बेअरिंगची खरखर कानाला ऐकू येण्याआधी बोटांना लागते.

अलाइनमेंटची प्रिंट पैसे देऊन काढा. पुढच्या चाकांना उणे दोन अंशांच्या आसपास कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, दिसला तर तो मुद्दाम दिलेला आहे. हायवेवर तो टायर आतून खातो, पण परत सेट करता येतो. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल आणि तो सेट होत नसेल, तर काहीतरी वाकलंय.

इंजिन

मालकाला आदल्या दिवशी सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सोलापूरहून सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघून पुण्यात उतरलात तरी इंजिन थंडच मिळायला हवं. बोनेटवर आणि सायलेन्सरजवळ हात ठेवून खात्री करा. थंड सुरू होताना दोन सेकंदांचा टिकटिकाट एक वेळ चालेल. खोल, जड ठोका ऐकू आला आणि तो अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर वाढला, तर ते बेअरिंग असू शकतं. लांब वळणात ऑइल संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) एका बाजूला सरकतं, पंपाची जाळी क्षणभर हवा ओढते आणि पहिला बळी क्रँकचं बेअरिंग ठरतं. लेव्हल कमी ठेवून पळवलेल्या गाडीत हे हमखास.

याचा सर्वात स्वस्त पुरावा ऑइल फिल्टरमध्ये असतो. मालकाला सांगा, ऑइल आमच्या खर्चानं आमच्यासमोर बदला. फिल्टर कार्ट्रिजचा असेल तर तसाच उघडा. डब्याचा असेल तर पत्रा कापायच्या कटरनं उघडा, हॅकसॉ नको, कारण मग तिचाच लोखंडी चुरा आत पडतो आणि निदान चुकतं. कागदाच्या घड्या पसरून उन्हात धरा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. चिकटत नाही आणि तांबूस चमकतं ते बेअरिंगचं अस्तर. तांबूस चमक दिसली तर सौदा नाही, कितीही भाव पाडून दिला तरी.

त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते गेजनं मोजायचं. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन पंपाचा फ्यूज काढलेला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. मूळ आकडा गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. महत्त्वाचं हे की सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत असावा. एक सिलिंडर कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. मॅन्युअल गाडीत चौथ्यावरून पाचव्याऐवजी चुकून तिसरा पडला, तर चाकंच इंजिनला रेडलाइनच्या पलीकडं फिरवतात. रेव्ह लिमिटर तिथं काही करू शकत नाही. व्हॉल्व्ह वाकतो तो असा.

काढलेले प्लग फेकू नका. चिनीमातीवर मिठाच्या कणांसारखे चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. इंजिनानं डिटोनेशनचा, म्हणजे इंधन आत अवेळी भडकण्याचा, मार खाल्लेला आहे. रिमॅप केलेल्या, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेल्या, गाडीत याची शक्यता जास्त, म्हणून मॅप कोणत्या ऑक्टेनवर बसवला होता ते विचारा आणि ते पेट्रोल सोलापुरात तुमच्या रस्त्यावरच्या पंपावर बारा महिने मिळतं का ते बघा. मिळत नसेल तर मूळ मॅप परत टाकून घ्यायची अट ठेवा.

स्कॅनर लावल्यावर एरर नाही हे पुरेसं नाही. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं आपल्या चाचण्या पूर्ण केल्यात का, ते बघा. ते अपूर्ण असतील तर बहुधा कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे. टर्बोचा इनटेक पाइप काढून आतल्या पात्याची दांडी बोटानं हलवा: बाजूला किंचित ढिली चालते, आत-बाहेर अजिबात नको.

गिअर आणि क्लच

मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्स थंड असतानाच तिसऱ्यावरून दुसऱ्यावर उतरा. किरकिर आली तर सिंक्रो (गिअर जुळवून घेणारी रिंग) गेला. तिसऱ्या-चौथ्यात २,००० आरपीएमवरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम पळाला आणि गाडी मागं राहिली तर क्लच संपला. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयच्या सात गिअरच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) कोरडे क्लच आहेत आणि त्यांना ताप सोसत नाही. सोलापुरातल्या सात रस्ता चौकासारख्या संध्याकाळच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्यात रेंगाळवा, धक्के बसतात का बघा. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २३० च्या सहा गिअरच्या डीएसजीत क्लच ऑइलमध्ये बुडालेले असतात आणि ते ऑइल दर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. बिल मागा.

आतून

आतलं पटकन होतं. मागच्या सीटखाली हार्नेसची (रेसच्या सीटबेल्टची) भोकं, फायर एक्स्टिंग्विशरच्या ब्रॅकेटच्या खुणा, छताच्या कापडावर हेल्मेट घासल्याचा डाग, दारावर नंबराचं स्टिकर काढल्यावर राहिलेला फिका गोल. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर तो कोणीतरी बंद केलाय.

सोलापूरची दुपार

गाडी इथंच बघायला मिळाली तर एप्रिल-मेची दुपार टाळू नका, मुद्दाम निवडा. बाहेर ४२ अंश, एसी पूर्ण, जुन्या पुणे नाक्यावरून मोहोळपर्यंत जाऊन या आणि परत आल्याआल्या गाडी बंद न करता दहा मिनिटं उभी ठेवा. खड्यांनी मार खाऊन रेडिएटरच्या पट्ट्या दबल्या असतील किंवा फॅन अर्धमेला असेल तर काटा इथं चढतो. वाटेत मोकळा पट्टा बघून, मागं कोणी नसताना, ८० वरून चार-पाच वेळा जोरात ब्रेक मारा. स्टिअरिंग थरथरलं तर डिस्कवर पॅडचा थर असमान बसलाय. थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरनं डाव्या-उजव्या डिस्कचं तापमान बघा. मोठा फरक म्हणजे कॅलिपर अडकतोय.

जमिनीपासूनची उंचीही मोजा. खाली बसवलेली गाडी आपल्या गावाकडच्या स्पीडब्रेकरवर पोट घासते, आणि पोटाशी ऑइलचा संप असतो. हवेचा उघडा कोन फिल्टर लावलेला असेल तर तो काढून मूळ डबा बसवा. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ त्याच्यातून थेट इंजिनात जाते.

भाव आणि कागद

मालकाशी घासाघीस भावनेवर करू नका, यादीवर करा. डिस्क, पॅड, एक लिटर डॉट ४, चार टायर, बेअरिंग, क्लच, जे जे निघालं त्याचा लेखी अंदाज सुट्या भागांच्या दुकानातून आणि गॅरेजातून घ्या, समोर ठेवा आणि बेरीज भावातून वजा करा. मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंग, मूळ सीट मालकाकडं पडून असतील तर सौद्यात लिहून घ्या. कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेली गाडी पीयूसीला अडकते, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं.

इंजिन बदललेलं असेल तर आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवा. ट्रॅकच्या गाड्यांत हे खरोखर घडतं. नमुना २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर नमुना ३५ आणि बँकेचं पत्र. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात नंबर बदलत नाही. विजापूर, कलबुर्गी किंवा हैदराबादहून आणलेल्या गाडीला नमुना २८ ची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच-१३ चा नवा नंबर लागतो. तो टॅक्स धरून मगच 'स्वस्त' म्हणा. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि गिअर ऑइल बदला. १,००० किलोमीटर झाल्यावर इंजिन ऑइल पुन्हा काढा, फिल्टर पुन्हा उघडा आणि घड्या पुन्हा उन्हात धरा. काही चमकलं नाही तर पुढचं ऑइल ५,००० ला.